कादंबरीतला करार आणि घरातला पहारा

वाचकाचे पत्र

मी २९ वर्षांची आहे, नागपुरात मनीषनगरला राहते आणि बँकेत नोकरी करते. लग्न ठरवून झाले, त्याला तीन वर्षे झाली. कॉलेजपासून मला इंग्रजी प्रणयकादंबऱ्या वाचण्याची सवय आहे. त्यांतही ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आणि त्या धर्तीच्या, नायक नायिकेला बांधतो, हुकूम करतो, शिक्षा करतो अशा कादंबऱ्या मला आवडतात. गेल्या दिवाळीनंतर धीर करून मी हे पतीला सांगितले. आधी त्यांना गंमत वाटली, मग त्यांनी मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहिले. आता माझे लोकेशन त्यांच्या फोनवर कायम सुरू असते, मी कोणते कपडे घालायचे ते ते ठरवतात, धरमपेठेत कॉफी हाउस चौकात मैत्रिणीसोबत जरा थांबले की लगेच फोन येतो. काही बोलले तर ‘तुला हेच आवडतं ना, पुस्तकात वाचतेस ना’ असे उत्तर मिळते. एका रात्री त्यांनी वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या टायने माझे हात बांधले. हात सुन्न झाले, सोडा, असे मी म्हटले तर ते हसले, आणि स्वयंपाकघरातून सुरी आणून तो टाय कापेपर्यंत बराच वेळ गेला. अजून दोन बोटांना मुंग्या येतात. दोनदा त्यांनी गळाही दाबला. मावसबहीण म्हणते, त्यांचे वडील फार कडक होते, तू प्रेमाने समजून घे, बदलतील. मला अशी पुस्तके आवडतात म्हणजे माझ्यातच विकृती आहे का? मी ती वाचणे बंद करावे का? आणि जे चालले आहे ते खरोखर बीडीएसएम, म्हणजे बांधणे-हुकूम करणे अशा लैंगिक खेळाचा प्रकार, आहे का? असले प्रश्न सदरात विचारतात का, हेही मला कळत नाही.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या बोटांविषयी आणि गळ्याविषयी लिहिते, कारण बाकीच्या प्रश्नांना थोडा अवधी देता येईल, या दोहोंना देता येणार नाही. वायरी बांधायचा टाय एकाच दिशेने सरकतो. हाताची ओढाताण झाली की तो आणखी आवळला जातो, सैल मात्र होत नाही आणि शेवटी कापावाच लागतो. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूने संवेदनेची नस त्वचेच्या अगदी लगत जाते आणि अरुंद पट्टीचा सगळा दाब तिच्यावर येतो. अशी दबलेली नस बहुतेक वेळा हळूहळू पूर्ववत होते. परंतु मुंग्या थांबलेल्या नाहीत, तेव्हा याच आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हात दाखवा आणि दुखापत कशी झाली ते खरे सांगा. गळा दाबणे तर या प्रकारांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्या लोकांमध्येही सर्वांत धोक्याचे मानले जाते, कारण त्याची सुरक्षित अशी पद्धतच नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि बाहेर वळ उमटला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. त्यानंतर तुमचा आवाज बसला असेल, गिळताना त्रास होत असेल, डोके किंवा मान दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मध्ये किती दिवस गेले याचा विचार न करता तपासून घ्या. यापुढे तुमच्या गळ्याला त्या हेतूने हात लागता कामा नये. याबाबतीत कोणतीही तडजोड करू नका.

असे प्रश्न विचारतात का, असे तुम्ही लिहिले आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. लोकांना पडलेले प्रश्न त्यांनी विचारावेत आणि जाणत्याने त्यांची उत्तरे द्यावीत, यासाठी मराठीत इतकी मोठी माणसे झगडली आहेत. तुम्ही विचारले ते योग्यच केले.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या घरात जे चालले आहे ते बीडीएसएम नाही. बीडीएसएम या नावाखाली बांधणे आणि शिस्त लावणे, वर्चस्व गाजवणे आणि शरण जाणे, वेदना देण्यात किंवा सोसण्यात सुख मानणे असे अनेक प्रकार येतात. परंतु हे सर्व ज्या पायावर उभे असते तो पाया म्हणजे दोन्ही माणसांनी आधी, शुद्धीवर असताना, मोकळेपणाने केलेली बोलणी. काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, कोणत्या शब्दाला सगळे तत्क्षणी थांबेल आणि झाल्यावर एकमेकांची काळजी कशी घ्यायची, हे त्या बोलण्यांत ठरते. अमेरिकेतल्या या वर्तुळांमध्ये १९८० च्या दशकापासून ‘सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीने’ असे एक सूत्रच रूढ झाले. तुम्ही ‘सोडा’ म्हटल्यावर जिथे हसू येते, तिथे त्यातले एकही अंग उरत नाही. लोकेशनवर नजर ठेवणे, कपडे ठरवणे, चौकात थांबल्यावर फोन करणे, यांचा तर या विषयाशी मुळीच संबंध नाही. तो पहारा आहे, आणि अशा पुस्तकांचे नावही न ऐकलेल्या कित्येक घरांत तो आहे.

तरीही तुमच्या पतीला ही दोन्ही एकच वाटावीत आणि क्षणभर तुम्हालाही तशी शंका यावी, याला ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही कादंबरी बऱ्याच अंशी जबाबदार आहे, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. जगभरात या मालिकेच्या पंधरा कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि असंख्य लोकांची बीडीएसएमशी पहिली ओळख तिच्यातूनच झाली. मुळात ती ‘ट्वायलाइट’ या रक्तपिपासू नायकाच्या प्रेमकथेवर एका चाहतीने इंटरनेटवर लिहिलेली कथा होती. नावे बदलून २०११ साली तिचे पुस्तक झाले. हा उगम ध्यानात घेतला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. रक्तपिपासू नायक नायिकेवर रात्रंदिवस नजर ठेवतो, कारण त्या कथेच्या जगात तो स्वतःच तिच्या जिवाला धोका असतो आणि स्वतःला आवरणे हीच त्याच्या प्रेमाची कसोटी असते. नायक माणूस झाला, उद्योगपती झाला, तेव्हा अद्भुताचा भाग गळून पडला आणि पाळत मात्र तशीच राहिली. तो तिच्या फोनचा माग काढून ती मैत्रिणींसोबत असते तिथे पोहोचतो, तिला न विचारता तिची जुनी गाडी विकून टाकतो, ती जिथे नोकरीला लागते ती कंपनीच विकत घेतो. शयनगृहातल्या दोऱ्यांशी यांपैकी कशाचाही संबंध नाही, पण कादंबरी दोन्ही एकाच दमात, एकाच रोमांचक सुरात सांगते, आणि वाचणाऱ्याच्या मनात त्यांची गाठ पक्की बसते.

नायक नायिकेपुढे ठेवतो तो करार हा त्या कादंबरीतला सर्वांत गाजलेला भाग आहे. नायिकेने काय खावे, किती झोपावे, कोणते कपडे घालावेत इथपर्यंतची कलमे त्यात आहेत; ती त्यांवर वाद घालते, काही खोडायला लावते आणि त्या करारावर सही कधीच करत नाही. तरी गोष्ट पुढे सरकतच राहते. एके ठिकाणी ती त्याला गमतीने निरोपाचा ई-मेल पाठवते, तर तो थेट तिच्या खोलीत येऊन उभा राहतो, ती नको म्हणून पाय झाडते आणि तो म्हणतो की धडपड केलीस तर पायही बांधीन. लेखिकेने हा प्रसंग प्रणयाचा म्हणून लिहिला आहे. मला तो वाचताना प्रत्येक वेळी पुस्तक खाली ठेवावेसे वाटले. पहिल्या भागाच्या अखेरीस तो तिला पट्ट्याचे सहा फटके मारतो, ती ते मोजते, रडते आणि त्याला सोडून जाते. थांबण्याचे शब्द त्यांनी आधी ठरवलेले असतात, तरी ती तो शब्द उच्चारत नाही, आणि पुढच्या भागात त्याने विचारल्यावर आपण तो विसरलो असे सांगते. खऱ्या आयुष्यात, नवख्या माणसाच्या बाबतीत, असे घडू शकते. म्हणूनच जाणती माणसे केवळ शब्दावर विसंबून राहत नाहीत, मध्ये मध्ये थांबून ‘ठीक आहे ना’ असे विचारत राहतात. कादंबरी ते विचारणे गाळते, कारण त्याने वाचनाची गती मोडते. आणि तो प्लास्टिकचा टायही तिथलाच आहे. नायिका ज्या हार्डवेअरच्या दुकानात काम करते तिथेच नायक तो घ्यायला येतो.

मग हे तुम्हाला आवडते, याचा अर्थ काय? तुम्ही पुस्तक वाचता तेव्हा सगळी सूत्रे तुमच्या हातात असतात. नायक कितीही कठोर झाला तरी शेवट गोड होणार, हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, नायिकेच्या मनातली ओढ तुम्हाला आतून ऐकू येते आणि नको वाटले त्या क्षणी पान मिटता येते. दिवसभर बँकेत आणि घरात प्रत्येक गोष्टीचा निर्णय घेणाऱ्या बाईला, काही वेळ सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत अशी कल्पना सुखाची वाटली, तर ते समजण्यासारखे आहे. त्यात विकृती नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची आजारांची जी सूची २०१३ साली सुधारली गेली, तिच्यात नुसती वेगळी लैंगिक आवड आणि आजार यांत स्पष्ट फरक केला आहे: त्या आवडीमुळे त्या माणसाला स्वतःला गंभीर त्रास होत असेल, किंवा संमती नसलेल्या माणसाला इजा पोहोचत असेल, तरच तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या सूचीतून तर परस्परसंमतीने केलेला हा प्रकार आजार म्हणून वगळलाच आहे, आणि संमती नसलेल्यावर क्रूरता लादण्याची ओढ तेवढी ठेवली आहे. त्यामुळे पुस्तके वाचणे बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. आवडती गोष्ट पतीला सांगितली म्हणजे आपण काही परवानगी देऊन बसलो, हा समज मात्र मनातून काढून टाका. एखाद्या बाईला खुनाच्या रहस्यकथा आवडतात म्हणून तिच्या घरात कुणी सुरा घेऊन शिरत नाही.

तुमच्या मावसबहिणीचा सल्ला मायेचा आहे, पण तोही, तिच्या नकळत, त्याच कादंबरीतून आल्यासारखा आहे. तिथेही नायकाचे बालपण फार भीषण दाखवले आहे, त्याच्या आवडीचे सगळे मूळ त्या जखमांमध्ये सांगितले आहे आणि तिसऱ्या भागापर्यंत नायिकेच्या प्रेमाने तो सावरतो, लग्न होते, मूल होते. जुन्या मिल्स अँड बून प्रणयकादंबऱ्यांपासून चालत आलेली ही रीत आहे: पुरुषाचा कठोरपणा ही दडलेली वेदना असते आणि बाईने पुरेसे सोसले की ती विरघळते. याने दोन्ही बाजूंचे नुकसान होते. ज्यांना समजून-उमजून ही आवड आहे त्यांच्यावर रोगी असल्याचा शिक्का बसतो, आणि ज्यांना घरात खरोखर त्रास होतो आहे त्यांना आणखी सोसण्याचा उपदेश मिळतो. तुमच्या सासऱ्यांनी मुलाला कडक वागवले असेल तर त्याचे मला वाईट वाटते, परंतु त्याची भरपाई तुमच्या मनगटांनी करायची नाही.

यापुढे जे लिहिणार आहे ते त्या परदेशी कादंबरीत सापडणार नाही, कारण ते आपल्या घरांबद्दल आहे. बीडीएसएममधली शरणागती ही दिलेली असते, ठरावीक वेळेपुरती असते आणि देणाऱ्याला ती केव्हाही परत घेता येते. तिचा सगळा अर्थ तेवढ्यातच आहे. आपल्याकडे बायकोची शरणागती लग्नाच्या दिवसापासून गृहीत असते. कुठे गेली होतीस, कुणासोबत, इतका उशीर का, हे प्रश्न विचारायला कुणाला करार लागत नाही, आणि पगार बायकोचा असला तरी मैत्रिणीसोबत कॉफी प्यायला परवानगी लागते अशी सुशिक्षित घरे तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. जी गोष्ट आधीच हिसकावून घेतलेली आहे ती खेळात देता येत नाही. तुमच्या पतीला त्या पुस्तकांनी नवीन काही शिकवले नाही. जे करावेसे वाटत होते त्याला एक आधुनिक नाव मिळवून दिले, आणि तेही तुमच्याच आवडीच्या आडून, जेणेकरून तुम्ही तक्रार केली तर तीच तुमच्यावर उलटावी. म्हणून तुम्हाला माझे सांगणे आहे की दिवसाचे वागणे आणि रात्रीचे वागणे हे दोन विषय कटाक्षाने वेगळे ठेवा आणि दिवसाचा विषय आधी घ्या. ज्या घरात बाई दिवसा मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही, त्या घरात रात्रीच्या ‘हो’ला फारसा अर्थ उरत नाही.

हे सारे पाश्चात्त्य थेर आहे, असे कुणी तुम्हाला म्हणाले तर तेही खरे नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नखक्षते, दंतक्षते आणि प्रहणन, म्हणजे प्रणयातले ताडन, यांवर स्वतंत्र विवेचन आहे. त्याच ओघात तो सांगतो की कुंतल देशाच्या सातवाहन राजा शातकर्णीच्या अशा आघाताने त्याची राणी मलयवती मरण पावली, चोलराजाच्या हातून चित्रसेना ही गणिका गेली आणि आणखी एका नर्तकीचा डोळा फुटला. भरधाव घोड्याला जसा वाटेतला खड्डा दिसत नाही तसे कामांध माणसाचे होते, असे म्हणून तो बजावतो की स्त्रीची कोमलता, तिचे बळ आणि स्वतःचे बळ नीट ओळखूनच वागावे. अर्थात त्या काळाच्या मर्यादा त्या ग्रंथालाही आहेत. ‘पुरे’, ‘सोड’ या अर्थाचे उद्गार तो शृंगारातल्या ध्वनींमध्येच मोजतो, आणि इथेच खरी अडचण आहे: ‘नको’ हा शब्द लटकाही असू शकतो असे एकदा मानले, की खरा ‘नको’ कुठे ठेवायचा? आजच्या जाणत्या लोकांनी यावर साधा उपाय काढला. पिवळा म्हणजे जरा हळू, लाल म्हणजे ताबडतोब सगळे बंद, किंवा अशा वेळी सहज तोंडी येणार नाही असा कोणताही शब्द. आणि बोलता येण्यासारखे नसेल तर हातातली वस्तू खाली टाकणे. नवख्या जोडप्यासाठी मात्र मी इतकेही अंतर ठेवणार नाही. ‘नको’ म्हणजे नको, ‘सोडा’ म्हणजे सोडा, आणि रुंद, मऊ कापड व हाताशी कात्री असल्याशिवाय बांधणे नाही.

पतीशी बोलणे शयनगृहात किंवा सासूबाई शेजारच्या खोलीत असताना करू नका. रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला जाता येत असेल तर तिथे, चार माणसांच्या वावरात बोला. वाक्य मोजके आणि स्पष्ट असू द्या: ‘मला पुस्तकात जे आवडतं ते वेगळं आणि तुम्ही माझ्यावर नजर ठेवता ते वेगळं. नजर ठेवणं मला आजपासून बंद हवंय. मी सोडा म्हटल्यावर तुम्ही हसलात, तेव्हा मला तुमची भीती वाटली.’ एवढे म्हणून थांबा आणि ते काय बोलतात ते ऐका. ज्या पुरुषाला खरोखर आपल्या बायकोला सुख द्यायचे आहे, त्याला ‘मला तुमची भीती वाटली’ हे ऐकून धक्का बसतो, तो ओशाळतो, विचारतो. तसे झाले तर लोकेशन बंद होईल, कपड्यांवरचे बोलणे बंद होईल, आणि काही महिने हे टिकले तर मग तुम्हा दोघांना, तुमची इच्छा असेल तरच, त्या दुसऱ्या विषयाकडे नव्याने वळता येईल. एखाद्या मानसशास्त्रज्ञाकडे दोघांनी जाण्याचे ठरले, तर तुम्ही आधी एकट्या भेटा, कारण ज्याची भीती वाटते त्याच्या शेजारी बसून कुणालाही खरे बोलता येत नाही.

ते चिडले, त्यांनी पुन्हा पुस्तकांचेच नाव पुढे केले किंवा गळ्याला पुन्हा हात लावला, तर वाट पाहू नका. हे बोलणेच धोक्याचे ठरेल असे आता मनात येत असेल, तर ते करण्याआधी विश्वासातल्या एखाद्या व्यक्तीला सगळे सांगून ठेवा. आपल्या फौजदारी कायद्यात बलात्काराच्या व्याख्येतून पतीला दिलेली सूट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे, ही मोठी उणीव आहे. पण याचा अर्थ तुम्हाला कायदाच नाही असा होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात शारीरिक छळाबरोबर लैंगिक आणि मानसिक छळही स्पष्ट शब्दांत धरला आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा आदेश मिळवता येतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो, जिवाला धोका वाटला तर ११२ वर. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशनाचीही सोय आहे. तक्रार केली तर घर सोडावे लागेल, ही भीती बहुतेक जणींना असते. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने तुम्हाला पतीच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग ते घर कुणाच्याही नावावर असो, आणि कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गाशिवाय कुणालाही तुम्हाला तिथून बाहेर काढता येत नाही.